प्लास्टरनं पांढरी झालेली कुत्री

प्लास्टरच्या भुकटीचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. पेणला आमच्या गणपतीच्या कारखान्यात एक काळी कुत्री पोत्यांवर लोळून कायम पांढरीफटक असायची. शेजारचे काका तिला बिस्किटं भरवायचे, म्हणायचे, ‘पांढरी कुत्री गरीब, काळी चावरी.’ तिला खाज सुटली म्हणून एकदा मी तिला नळाखाली धुतली. ओली, काळीभोर कुत्री सवयीनं शेपूट हलवत त्यांच्याकडे धावली आणि काकांनी तिच्या पायावर दगड हाणला. ‘काका, ती आपलीच हाय,’ मी ओरडलो. ‘मग आधी सांगायचं नाय?’ ते म्हणाले. चार दिवसांनी ती लंगडत, पुन्हा पांढरी होऊन फिरायला लागली, तसे काका बिस्कीट घेऊन हजर. मी ते हिसकावून गटारात फेकलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे, आणि मला ते सुरू करायचंही नाही.