नववा पाट

बोलण्याआधी बाई मूठ टेबलावर आपटायच्या. मग म्हणायच्या, "पहले गिनो, फिर बोलो."

इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या आमच्या गल्लीत त्या माझ्या शेजारी होत्या. पलासियाच्या एका कोचिंगमध्ये जीवशास्त्र शिकवायच्या. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं सेहेचाळीस, तेवीस आईकडून, तेवीस बापाकडून, हे मला त्यांनीच समजावलं. मला आकड्यांची हौस. विचारलं, "म्हणजे जितकी जास्त, तितका जीव श्रेष्ठ?"

"बटाट्यात अठ्ठेचाळीस असतात, ताई. करा बटाट्याला नमस्कार!"

त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीत सत्तेचाळीस होती. एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन. डॉक्टर त्याला डाउन सिंड्रोम म्हणतात. ती बोलायला उशिरा लागली, पण विनोदावर सगळ्यांच्या आधी हसायची. गल्लीचं निदान मात्र निराळंच होतं. समोरच्या काकू म्हणाल्या, "दिवस होते तेव्हा ग्रहणात बाहेर निघाली असशील."

बाई भडकल्या. "ग्रहण पूर्ण इंदूरला लागलं, काकू. मग बाकीच्यांची मुलं कशी बरोबर निघाली?"

त्याच काकूंकडे नवरात्रात अष्टमीला कन्याभोज असायचं. नऊ मुलींना पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पुरी-हलवा वाढायचा. त्या वर्षी गल्लीच्या ग्रुपवर सगळ्याच मुलींना बोलावणं होतं. ही पोर नवा घागरा घालून आईचा हात ओढतच आली. दारात सँडल काढले, खाली बसली आणि पाय धुवायला पुढे केले.

काकूंनी तिच्या हातात हलव्याचा द्रोण ठेवला. "बस बेटा, नऊ झाल्या."

मी पुऱ्या वाढायला उभी होते. मोजलं. पाट नऊ, मुली आठ. तसं मोठ्यानं म्हटलं.

"देवीचं काम आहे," काकू माझ्यावरच खेकसल्या. "मुलगी पूर्ण लागते."

बाईंची मूठ दरवाजावर बसली. "पूर्ण? तुमच्यात सेहेचाळीस, हिच्यात सत्तेचाळीस. कमी कुणात आहे? गिनो ना!"

जमलेल्या बायका आपापल्या मुलींची ताटं सारखी करू लागल्या. बाईंनी पोरीला कडेवर घेतलं. ती आता लहान नव्हती, तरी घेतलं, आणि गेल्या.

दिवाळीआधी त्यांनी घरही बदललं. त्या गेल्या, माझा संताप गेला नाही. कारण त्या अष्टमीला बाई पायऱ्या उतरल्यावर काय झालं ते मी पाहिलं. काकूंनी नवव्या पाटावर एक सुपारी मांडली, तिला कुंकू लावलं, आणि पाय धुवायचं पाणी त्या सुपारीवर सोडलं.