गोधडीखालचे दिवे

कुणाच्याही घरी गेल्यावर वैशंपायनकाका यजमानांच्या आधी छताकडे बघत. बूट काढता काढता मान वर, तोंड अर्धवट उघडं. नव्या माणसाला वाटायचं, यांना मानेचा त्रास असावा. ट्रॉय या अमेरिकन गावातल्या जुन्या मराठी घरांना मात्र ठाऊक होतं, काका छतात बसवलेले दिवे तपासताहेत.

ते मूळचे साताऱ्याचे. इथल्या एका मोटार कंपनीत, इंजिनं थंड ठेवण्याच्या विभागात नोकरी करून रिटायर झालेले. "अख्खं आयुष्य गाड्यांचे ताप उतरवले," असं सांगायचे. गाड्या सुटल्या, ताप उतरवायची हौस काही सुटली नाही.

आमच्या नव्या घरी ते पहिल्यांदा आले ते गौरीजेवणाला. आदल्या हिवाळ्यात थंडी फार वाजली म्हणून आम्ही माळ्यावर कापसासारखं इन्सुलेशन भरून घेतलं होतं. घर उबदार झालं, पण तेव्हापासून डायनिंग रूमच्या छतातले दिवे मधेच आपोआप विझायचे आणि थोड्या वेळाने आपोआप लागायचे. त्या दुपारी पानं वाढली आणि नेमकं तेच झालं. माझ्या सासूबाईंनी हात जोडले. "गौरींनी खूण दिली," त्या म्हणाल्या.

"खूण खरी आहे," काका म्हणाले, "पण गौरींची नाही, दिव्यांची. त्यांना ताप आलाय आणि तुम्ही वर गोधडी घातलीये."

मग त्यांनी समजावलं. आमचे दिवे जुन्या पद्धतीचे. त्यांच्याभोवती मोकळी जागा लागते, आणि ते तर इन्सुलेशनखाली पुरले गेले होते. तापले की आतली एक कळ त्यांना बंद करायची, निवले की पुन्हा चालू.

"ही कळ एक दिवस दमेल. मग काय कराल?"

"काका, आधी जेवून घ्या ना," मी म्हटलं.

"तू वाढ गं. मी नुसता बघून येतो."

रेशमी कुर्त्यावर माझ्या नवऱ्याचा, समीरचा, रेनकोट चढवून काका टॉर्च घेऊन माळ्यावर गेले. माळ्यावर फक्त लाकडी तुळयांवर पाय ठेवून चालायचं, कारण मधल्या भागात नुसतं पातळ छत असतं, हे ते वरून समीरला ओरडून सांगत होते. वाक्य संपायच्या आत कडाड् आवाज झाला आणि पुरणपोळीच्या ताटाच्या बरोबर वर एक पाय गुडघ्यापर्यंत लोंबू लागला.

माझी लेक म्हणाली, "मॉम, हूज लेग इज दॅट?"

काकांच्या पत्नी, नलूकाकू, यांनी चष्मा नीट करून वर पाहिलं. "मोजा आमचाच आहे," म्हणाल्या आणि आपलं ताट बाजूला ओढून घेतलं.

"काका, लागलं का?" समीरने विचारलं.

"पाय राहू दे. आधी विजेचा ब्रेकर बंद कर, इथलं लाकूड काळं पडलंय. आणि पोळीवर पांढरं पडलं असेल ती पिठीसाखर नाही. खाऊ नका कुणी."

समीरने धावत जाऊन ब्रेकर पाडला. मग आम्ही दोघांनी खुर्च्यांवर चढून काकांचा पाय सन्मानाने परत वर ढकलला. ते खाली आले तेव्हा भुवयांवर कापूस होता आणि तळहातावर दिव्यालगतच्या वायरचं करपलेलं प्लास्टिक. मी बोट लावलं, त्याचा भुगा झाला. त्याच माळ्याला लागून लेकीची खोली होती. मी लेकीची खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली. काकांनी हात धुतले आणि कटाची आमटी मागितली.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या देखरेखीखाली इलेक्ट्रिशियनने नवे एलईडी दिवे बसवले. इन्सुलेशन टेकलं तरी चालणारे, खोलीतली ऊब वर जाऊ न देणारे. दिव्यांच्या खोक्यावर तसं छापलेलं होतं. ते काकांनी त्या बिचाऱ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं, मगच शिडी धरली.

गेल्या वर्षी काका-काकू टेक्सासमधल्या फ्रिस्कोला, मुलीकडे कायमचे राहायला गेले. निघायच्या आधी चहाला आले होते. मी विचारलं, "काका, लोकांच्या माळ्यांवर चढायची एवढी हौस कशी हो?"

त्यांनी कप बशीत ठेवला. "डॉक्टर रिटायर झाला तरी लोक त्याला गुडघे दाखवतात. रेडिएटरवाल्याला काय दाखवणार? मी वर गेलो की खाली माणसं विचारतात, काका, ठीक आहात ना? बरं वाटतं गं."

मी त्यांना अजून थोडा चहा ओतला.

परवा काकांनी फोन केला होता. टेक्सासचे माळे म्हणजे नुसती भट्टी, त्यामुळे मुलीने घरातली शिडीच लपवून ठेवली, असं सांगत होते. मग आवाज एकदम खाली आला.

"गॅरेजमध्ये सापडली, ख्रिसमसच्या झाडामागे. तिला सांगू नकोस."