पेढे आधीच आणलेले

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. नौपाड्यात अजून कुणी ना कुणी थांबवतं – सर, तुमचं चीनवरचं व्याख्यान काय रंगलं हो! मी हसतो. दुसरं काय करणार?

सुवर्णा माझी पीएचडीची विद्यार्थिनी. कल्याणजवळच्या मोहने गावची. वडील घरीच बसून, आणि ही कल्याणच्या कॉलेजात तासांवर शिकवायची. पदवी मिळाली की नोकरी कायम होणार, एवढ्यावर सगळं घर टेकलेलं. विषय मीच दिला – चिनी बादशाहीतली रेल्वे आणि ती बांधण्यासाठी परकी सत्तांची ओढाताण. पेकिंग-हँकाऊ रेल्वेचं काम बेल्जियमला मिळालं. लहान देश, निरुपद्रवी. पण त्याच्या मागे फ्रान्स होता, रशिया होता. चिनी अधिकाऱ्यांना हे कळत नव्हतं? कळत होतं, आणि ब्रिटिशांना अडवायला त्यांनी ते चालवून घेतलं – प्रबंधातलं हे प्रकरण माझ्या डोक्यातलं. ती कां-कू करत होती, पुरावा कमी पडतोय म्हणून. मी म्हटलं, अगं लिही बिनधास्त, मी आहे ना!

तोंडी परीक्षेत सहसा कुणाला अडवत नाहीत. आमच्याकडे ती रीतच नाही. मुलं पेढे आधीच घेऊन येतात. तिनंही आणलेले – बॉक्स टेबलाच्या कडेला होता.

बाहेरून आलेले परीक्षक नेमके त्याच प्रकरणावर घसरले. पुरावा कुठाय? कुणी सुचवलं हे? आणि – कसं सांगू – तेच गृहस्थ माझ्या बढतीच्या समितीवर येणार होते. मी घाबरलो. सरळ घाबरलो. म्हणालो, "मी तिला नको म्हणून सांगितलेलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. उलट बोलली असती तर? नाही बोलली. मान खाली घालून म्हणाली, "हो. सर नको म्हणालेले."

प्रबंध दुरुस्तीला परत गेला. तिनं तो पुन्हा कधी दिलाच नाही. नोकरीही गेली. आता मानपाड्याला शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घेते, असं ऐकतो. मला बढती मिळाली. तेच प्रकरण मी व्याख्यानांत सांगतो, माझं म्हणून. टाळ्या पडतात. आत काही हलत नाही.

त्या दिवशी सगळे उठले तरी बॉक्स तसाच होता. त्याचं काय करायचं? तिनंच दोरा सोडला आणि तो सगळ्यांपुढे धरला. आधी माझ्यापुढे. सर, घ्या ना.

मी एक पेढा घेतला. परीक्षक म्हणाले, छान आहेत. मग मी दुसराही घेतला.