विषय : आमच्या आपत्ती

"वैद्य मॅडम, लाइन ज़रा इधर से घुमा दीजिए," साहेब म्हणाले आणि माझ्या ट्रेसिंग पेपरवर विहिरीपाशी बोट टेकवलं.

मी विचारलंसुद्धा नाही, का म्हणून. बत्तीस वर्षांची होते. नकाशा शाखेत ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी पदाचं नाव तेच. आपल्यासारखी रेघ सबंध ग्वाल्हेरात कुणाला ओढता येत नाही, अशी माझी ठाम समजूत होती. दफ्तर कोणतं ते सांगत नाही. पेन्शन चालू आहे.

काम होतं परिसीमनाचं. म्हणजे नगरसेवकांच्या निवडणुकीआधी शहराचे तुकडे नव्याने पाडायचे. एक तुकडा म्हणजे एक वॉर्ड, आणि प्रत्येक वॉर्डाचा एक नगरसेवक. आमच्याकडे त्याला पार्षद म्हणतात. नियम सोपे आहेत. सगळ्या वॉर्डांत माणसं साधारण सारखी हवीत. वॉर्ड सलग हवा. आणि गणना ब्लॉक मोडायचा नाही. जनगणनेत एका मास्तरांनी एका वहीत मोजलेली घरं, तो एक ब्लॉक. ती घरं एकत्रच ठेवायची.

ही गल्ली शिंदे की छावनीच्या मागच्या अंगाला. मधोमध विहीर, दोन्ही बाजूंना जुन्या फौजी मराठ्यांची घरं, त्यांच्यात मिसळलेले शिंपी आणि लोहार. गल्ली एकदिलाने मत द्यायची, त्यामुळे तिला विचारल्याशिवाय त्या वॉर्डात कुणी निवडून येत नसे. साहेबांच्या बोटामागून माझं पेन गेलं आणि गल्लीचे दोन भाग झाले. अर्धी घरं एका वॉर्डात, अर्धी दुसऱ्यात. दोन्हीकडे मूठभर.

"वाह, क्या नज़ाकत है लाइन में!" साहेब म्हणाले.

टेबलावर गजकचा, म्हणजे आमच्याकडच्या तीळ-गुळाच्या खुसखुशीत वड्यांचा, डबा उघडा होता. मी तीन तुकडे खाल्ले. सकाळी जिन्यात एक ठेकेदार भेटले होते, त्या वॉर्डातून उभे राहणारे. त्यांच्या हातात तसाच डबा होता. या दोन डब्यांचा संबंध जोडायला थोडी अक्कल लागते. माझी सगळी रेघेत खर्च झाली होती.

कच्चा नकाशा भिंतीवर लागला. खाली नोटीस : "दावे-आपत्ति आमंत्रित हैं।" हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. मराठीत आपत्ती म्हणजे संकट. हा फरक मला चांगला ठाऊक होता, आणि नेमकं तेच नडलं.

चौथ्या दिवशी आमचे क्लार्क मिश्राजी एक कागद घेऊन आले. "मॅडम, आपकी भाषा में है। ऊपर 'आपत्ति' लिखा है, तो आपत्ति वाली फाइल में लगा दूँ?"

मी कागद हातात घेतला. वर लिहिलं होतं, "विषय : आमच्या आपत्ती. आपण आमंत्रित केल्या आहेत म्हणून कळवते. एक, नळाला पाणी येतं ते मी चूळ भरेपर्यंत जातं. दोन, जावई चार दिवसांसाठी आला तो दिवाळीपासून आहे."

गोरखीच्या शाळेत मी मराठीत पहिली आले होते. तो तोरा उफाळून आला. "मिश्राजी, मराठी में आपत्ती माने मुसीबत। ये आपत्ति नहीं है। विविध में डालिए।"

मिश्राजी माझ्याकडे आदराने बघत राहिले. मी दुसरा मुद्दा सगळ्या शाखेला हिंदी करून ऐकवला. जावयावर फार हशा पिकला. तिसरा मुद्दा मी वाचलाच नाही. 'विविध' ही फाइल म्हणजे कागदांचा वृद्धाश्रम होता, तिथून परत कुणी येत नसे.

सुनावणीच्या दिवशी अपर कलेक्टर मॅडम बसल्या होत्या. कोरड्या आवाजाच्या, भराभर काम उरकणाऱ्या. त्या दिवशी सही झाली की नकाशा पक्का, मग पुढच्या परिसीमनापर्यंत कुणी हात लावू शकत नाही. या गल्लीच्या वॉर्डाची पाळी आली तशी साहेब उठले. "मैडम, यहाँ कोई आपत्ति नहीं आई।"

"कशी नाही आली? मी दिली ना!"

मागून एक सत्तरीच्या बाई पुढे येत होत्या. कदमकाकू. गल्लीत विहिरीला लागून त्यांचं घर. रुमालाची गाठ सोडून त्यांनी पावती काढली. शिक्का आमच्याच दफ्तराचा.

"अम्मा, हिंदी में बोलिए," अपर कलेक्टर म्हणाल्या.

"हिंदीच तर बोलून राहिली मी!"

लोक हसले. मी हसले नाही. पावती कुठल्या कागदाची ते मी ओळखलं होतं. साहेब माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "काग़ज़ मिल नहीं रहा, बोल दीजिए।"

सांगायला नको, मी तसं म्हणायला तोंडही उघडलं. तेवढ्यात काकू मला म्हणाल्या, "तू मराठी आहेस ना गं? बरं झालं बाई. तू वाचलं असशील." आता या वाक्यावर खोटं कसं बोलायचं? मी धावत वर गेले आणि 'विविध'मधून कागद काढून आणला.

"ये विविध में क्यों था?" अपर कलेक्टरांनी विचारलं.

"मैडम, मैंने आपत्ति को आपत्ती समझ लिया।"

"मतलब?"

"मराठी में… मुसीबत।"

"सरकारी दफ़्तर में भी वही मतलब है," त्या म्हणाल्या. "पढ़िए।"

जावयाला मी गाळणार होते, पण काकूंनी गाळू दिलं नाही. मग तिसरा मुद्दा आला. तो मी तेव्हा पहिल्यांदा वाचत होते, आणि वाचता वाचता हिंदी करत होते.

"तीन, जनगणनेला एकच मास्तर आले होते. विहिरीच्या दोन्ही बाजू त्यांनी एकाच वहीत लिहिल्या, चहाही दोन्हीकडे प्यायले. आता तुमच्या नकाशात विहिरीवरून रेघ गेली आहे. अलीकडे मी, पलीकडे माझी धाकटी जाऊ. आम्ही भांडतो, पण नळासाठी ओरडायला एकत्र जातो. आता तिचा पार्षद वेगळा, माझा वेगळा. दोघंही म्हणतील, पलीकडच्याला विचारा."

अपर कलेक्टरांनी ब्लॉकची यादी मागवली. विहिरीच्या दोन्ही बाजू, ब्लॉक एकच.

"ब्लॉक किसने तोड़ा?"

साहेब पंख्याकडे बघू लागले. मी म्हणाले, "पेन मेरा था। उँगली साहब की थी।"

मला वाटलं, आता नोकरी गेली. त्यांनी फक्त ब्लेड मागवलं. ट्रेसिंग पेपरवरची शाई खोडरबराने जात नाही, ब्लेडने खरवडावी लागते. सगळ्यांसमोर मी माझी ती नजाकत खरवडली. काकू कमरेवर हात ठेवून शेजारी उभ्या. "तिकडे थोडी राहिली बघ. नीट खरवड. शिकलेली ना तू?"

गल्ली पुन्हा एका वॉर्डात आली. साहेबांची बदली झाली. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली : "आपत्ति को विपत्ति समझने का कारण स्पष्ट करें।" मी दोन पानी उत्तर लिहिलं. ते मिश्राजींनी कुठल्या फाइलमध्ये लावलं असेल, ते तुम्हीच ओळखा.

इथे गोष्ट संपली असती तर मी शहाणी ठरले असते. पण रेघ हुकल्यावर ठेकेदाराने गल्लीत घरटी एक कुकर वाटला आणि निवडून आला. मी भडकले. सराफ्यात काकू दिसल्या तेव्हा तिथेच त्यांना गाठलं.

"काकू, एवढं भांडून शेवटी कुकरवर मत दिलंत?"

"कुकर चांगला होता गं. पाच लिटरचा."

पाच वर्षांत नळ काही सुधारला नाही. पुढल्या निवडणुकीत गल्लीने, विहिरीच्या दोन्ही बाजूंनी, ठेकेदाराला असा पाडला की त्याने पुन्हा अर्ज भरला नाही. मी काकूंना विचारलं, कुकर परत केलात का? म्हणाल्या, "कशाला म्हणून? पाच वर्षं पाण्यावाचून राहिलो, ते फुकट?"

माझी नात कायदा शिकते. परवा म्हणाली, "आजी, डिबेट में बोलना है. लोकशाहीचं जास्त वाटोळं कोण करतं, वाकडी रेघ की निवडणुकीतला पैसा?"

मी तिला ही गोष्ट सांगितली. म्हटलं, पैसा वाईटच. रेघ वाकवायलासुद्धा आधी तोच जिना चढून आला होता. पण कुकर वाटणाऱ्याला दारात यावं लागतं, आणि दारात आलेल्याला पाच वर्षांनी दार लावून घेता येतं. रेघ दारात येत नाही. ती कुणीतरी दफ्तरात बसून ओढतं, आणि दार कुठल्या वॉर्डात उघडायचं तेच ठरवून टाकतं. म्हणून माझं मत रेघेच्या विरुद्ध.

"पण आजी, ती रेघ तर तूच ओढली होतीस ना?"

"म्हणून तर खात्रीने सांगते आहे," मी म्हटलं. "ओढायला दोन मिनिटं लागली होती. खरवडायला अख्खी दुपार गेली."