नावडत्या तंबाखूचा डबा

महायुद्धात आमची पलटण ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर होती. मी नायक. माझ्या हाताखाली एक सेक्शन, म्हणजे आठ जवान. मी इस्लामपूरजवळचा. शिपाई बिरू आटपाडीकडचा, मेंढपाळाचा मुलगा. चालायला सगळ्यांच्या पुढे, बोलायला सगळ्यांच्या मागे.

आमच्या कॅप्टन साहेबांना विलायतेहून पाइपच्या तंबाखूचा डबा आला. त्यांना तिचा वास आवडेना, म्हणून तो मला बक्षीस मिळाला. नको असलेली वस्तू देताना माणसाचा हात फार सैल सुटतो. मी चिमूटभर घेतली, चुना लावून मळली आणि गालात धरली. अत्तरात काकवी कालवल्यासारखी चव. डोकं गरगरलं, अर्धा तास उचकी थांबेना. तो डबा ओढ्यात फेकायच्या लायकीचा होता. पण साहेबांनी दिलेली वस्तू फेकवेना. बिरूची चंची तीन दिवस रिकामी होती. मी डबा त्याला दिला आणि उचकीचं काही बोललो नाही. उलट उपकार केल्याच्या ऐटीत होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला गस्त निघाली. पावणेसहाला ओढ्याकाठच्या बांबूत अँबुश लावून बसलो. हुकूम माझाच: बोलायचं नाही, खोकायचं नाही, थुंकायचं नाही. बिरूच्या गालात तंबाखू होती. मी ती पाहिली होती. थुंकायची बंदी, म्हणून तो रस गिळत राहिला.

सहा वीसला जपानी आले. मी नऊ मोजले. ते शंभर यार्डांवर असताना बिरूला पहिली उचकी लागली. त्याने हॅट तोंडात कोंबली. तरी दुसरी आली. ब्रेन मशीनगनवाला माझ्याकडे बघू लागला. ते आणखी जवळ आले असते, तर एका उचकीत आम्ही सगळे संपलो असतो.

बिरू सरकत माझ्या कानाशी आला.

"म्या वर सरकतो. आवाज तिकडनं यील."

"गप पडून ऱ्हा."

"थांबत न्हाई ती, नायक."

माझ्या हुकमाची वाट न बघता तो ओढ्याच्या कडेने सरपटत गेला आणि पन्नास पावलांवर एका दगडामागे थांबला. पुढची उचकी तिथून ऐकू आली. जपान्यांनी बंदुका तिकडे वळवल्या. आमच्याकडे त्यांची पाठ झाली.

"ब्रेन, फायर."

चार मिनिटांत संपलं. बिरूला दोन गोळ्या लागल्या होत्या, एक गळ्यात. चौकीवर परतून मी कॅप्टन साहेबांना फोन केला.

"दुश्मन साफ. आपला एक."

"कोण?"

"शिपाई बिरू."

रिपोर्टात असं गेलं की त्याने शत्रूला फसवायला मुद्दाम आवाज केला. जबानी माझी होती. तंबाखूचं नाव तिच्यात नव्हतं.

युद्ध संपल्यावर मी आटपाडीकडे त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईला सगळं सांगितलं, तंबाखू सोडून. उचकी म्हणताच तिने मला थांबवलं.

"सकाळची येळ व्हती?"

"व्हय, आये."

"मग म्याच आठवण काढली आसंल. मेंढरं सोडताना रोज काढत हुते."

तरीही तंबाखूचं मी सांगितलं नाही. भाकरी खाऊन परत आलो. जपान्यांसमोर मी मागे सरलो नव्हतो. त्या म्हातारीसमोर मी भेकड ठरलो.

पुढच्या वर्षी बिरूचा थोरला भाऊ लोकर घेऊन इस्लामपूरच्या बाजारात आला. त्याच्याकडून कळलं, आई बिरूचं नाव घेत नाही. कुणी घेतलं तर उठून बाहेर जाते. तिकडं तरी त्याला उचकी लागू नये, असं म्हणते. मी त्याच्याबरोबरच निघालो.

म्हातारी अंगणात बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं.

"आये, ती उचकी तुमच्यामुळं न्हवती. तंबाकूची हुती. मला आवडली न्हाई म्हणून म्या त्येला दिली. म्हाईत आसून दिली."

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. बराच वेळ बोटाने माती उकरत होती. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"वरीस झालं," ती म्हणाली, "म्या त्येची आठवण दाबून धरली. झोपंत सुदिक." मग म्हणाली, "बस खाली. पल्टनीत त्यो कसा ऱ्हायचा, काय बोलायचा, समदं सांग."

मी बसलो. मेंढरं परत येईपर्यंत बिरूबद्दल सांगत राहिलो. तिने मला पाणीही विचारलं नाही, आणि उठूही दिलं नाही.