अण्णांचा शेवटचा छापा

माझे सासरे सुधाकर देशकर नापतौल विभागातून, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्यातून, निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. निवृत्ती कागदावर. भोपाळात आमच्या बाग सेवनियाच्या हाटात, म्हणजे बाजारात, अण्णा पिशवी घेऊन शिरले की भाजीवाले अजूनही तराजू पुसायला लागतात. दूध आलं की ते स्वतःच्या मापाने पुन्हा मोजतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटायचं, हे माझ्यावरच नजर ठेवून आहेत. मग कळलं, ते सगळ्यांवरच ठेवतात.

त्यांच्या कामाची एक पद्धत होती. आधी अगदी सहज एक प्रश्न विचारायचा. मग गप्प बसायचं. आणि कुणाला कानोकान खबर न लागू देता धाड घालायची. ही पद्धत घरात आम्हा सगळ्यांना पाठ होती, तरी आम्ही फसलोच.

झालं असं की माझ्या नवऱ्याने, मंदारने, गेम खेळायला कन्सोल आणला. त्यात सिनेमा भाड्याने देणारं दुकानही होतं. अण्णांनी टीव्हीसमोर खुर्ची ओढून दुकानाची तपासणी सुरू केली. एकच सिनेमा साध्या चित्रात ऐंशी रुपये, स्वच्छ चित्रात एकशेवीस.

"म्हणजे चाळीस रुपयांसाठी मुद्दाम अंधुक करतात?"

"तसं नसतं हो, अण्णा," मंदार म्हणाला. "घेतल्यापासून तीस दिवसांत कधीही सुरू करायचा. एकदा सुरू केला की अठ्ठेचाळीस तास."

"आणि परत कुठे करायचा?"

"करायचा नसतो. आपोआप जातो."

"म्हणजे दुकानदार माझ्या घरात हात घालून माल उचलून नेणार! पक्का फर्जीवाडा आहे हा."

सासूबाईंचं मात्र या तपासणीकडे लक्ष नव्हतं. त्या पडद्यावरच्या एका चित्राकडे टक लावून बघत होत्या.

पाच वर्षांपूर्वी जुन्या भोपाळात एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. लग्नाच्या प्रसंगासाठी मराठी बायका हव्या होत्या, म्हणून महिला मंडळाची बस भरून नेली. सासूबाईंच्या हातात औक्षणाचं ताट होतं. त्या मागे उभ्या होत्या, तर दिग्दर्शक स्वतः म्हणाला, "मांजी, आप आगे आइए." हे त्यांनी घरी येऊन निदान शंभर वेळा सांगितलं असेल. अण्णांचं उत्तर ठरलेलं. "दिवसभर उन्हात उभं केलं आणि नंतर कापून टाकलं असेल. दाखव, मग मानतो." सिनेमा थिएटरात कधी आला आणि कधी गेला ते कळलंच नाही. नंतर तो कुठेच सापडेना. आता तो या दुकानात होता.

"शर्वरी, यांच्या पंचाहत्तरीला लावायचा," सासूबाई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या. "सगळ्यांसमोर. पण घेऊन आत्ताच ठेवू. आज दिसतोय, उद्या असेल याचा काय भरवसा?" इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनाही अण्णांचं थोडं लागलं होतं.

घरातली सगळी ऑनलाइन खरेदी अण्णांच्याच कार्डावरून होते, म्हणजे प्रत्येक ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो. ही व्यवस्था अर्थात त्यांचीच. ते अंघोळीला गेले तेव्हा आम्ही सिनेमा घेतला. सासूबाईंनी ओटीपी मला वाचून दाखवला आणि लगेच पुसून टाकला. मला त्यांचं कौतुक वाटलं. पण पैसे कापल्याचा बँकेचा संदेश उशिरा आला, आणि तेव्हा फोन अण्णांच्या हातात होता.

जेवताना त्यांनी सहज विचारलं, "एकशेवीस रुपयांचं कुणी काही घेतलं का?"

"नाही हो," सासूबाई वरण वाढत म्हणाल्या. मी ताटात बघत राहिले.

अण्णांनी मान हलवली आणि पुढे एक शब्द बोलले नाहीत. शंका आम्हाला तेव्हाच यायला हवी होती. आम्ही मात्र खुशीत चिवडा करायला लागलो.

पंचाहत्तरीच्या संध्याकाळी मिसरोदहून नणंद गौरी आली. सासूबाईंनी शूटिंगच्या दिवशीची हिरवी साडी नेसली होती. औक्षणाचं ताट तयार होतं. मी कन्सोल सुरू केला. घेतलेल्या सिनेमांची जागा रिकामी होती. पुन्हा घ्यावा म्हणून दुकानात शोधलं तर तिथूनही तो गेला होता; नुसतं नाव होतं, आणि त्याखाली, सध्या उपलब्ध नाही.

"काय शोधताय?" अण्णा खुर्चीतून खुशीत म्हणाले. "ओटीपीशिवाय पैसे उचलले होते चोरांनी. तक्रार ठोकली. मुकाट्याने पैसे परत केले आणि माल घेऊन गेले."

मला त्यांचा भयंकर राग आला. सासूबाईंनीच त्यांना सगळं सांगितलं, शांतपणे. अण्णांचा चेहरा उतरला.

"मी विचारलं होतं तुला," ते म्हणाले. "तू नाही म्हणालीस. मी मानलं."

"दिग्दर्शक आगे आइए म्हणाला, ते पाच वर्षं मानलं नाहीत," सासूबाई म्हणाल्या, "आणि हे बरं मानलंत!"

अण्णांनी रिमोट माझ्याकडून घेतला आणि पुन्हा पुन्हा तेच नाव उघडून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच उत्तर. मग टीव्ही बंद केला.

"बराच वेळ दिसत होतीस का गं?"

"मला काय माहीत? मी तरी कुठे पाहिलाय?"

गौरी उठून सासूबाईंजवळ जायला लागली, पण अण्णांनी तिला हातानेच थांबवलं. ते सासूबाईंना म्हणाले, "कमलिनी, ताट घेऊन कुठे उभी होतीस, ते दाखव."

"कशाला? तपासायला?"

"नाही. बघायला."

सासूबाईंनी डोळे पुसले, निरांजन लावलं आणि ताट घेऊन पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत मागे गेल्या. तिथेच थांबल्या. त्या कशाची वाट बघताहेत ते आम्हाला कळेना. अण्णांना कळलं. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या, सरकारी आवाजात म्हटलं, "मांजी, आप आगे आइए."

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"असं नाही," त्या म्हणाल्या. "तो जरा प्रेमाने म्हणाला होता."

अण्णा खुर्चीतून उठले, घसा खाकरला, आणि पुन्हा म्हणाले.