आमदार टटल यांचं सर्वांत छोटं भाषण

मिनेसोटातल्या एल्म फॉर्क गावात अँब्रोज टटल वकिली करायचा आणि बोलायचा. दोन्ही कामं त्याला प्रिय, पण दुसऱ्यात हात जास्त बसलेला. तो युक्तिवादाला उभा राहिला की ज्युरीतली मंडळी बुटांच्या नाड्या सैल करत. टटलचे अशील निर्दोष म्हणून सुटत नाहीत, ज्युरीला जेवायला घरी जायचं असतं म्हणून सुटतात, अशी गावात चेष्टा चाले.

हिल्डा सोरेनसनची केस मात्र तो हरला. रूळ ओलांडताना धान्याच्या कोठाराआडून आलेल्या आगगाडीनं तिच्या दुधाच्या घोडागाडीला उडवलं होतं. घोडी जागीच गेली, हिल्डाचा हात मोडला. पण रेल्वेनं तिथं फाटक बसवावं असं कायद्यात कुठंच नव्हतं.

"कायदाच नाही, तर मी तरी काय करणार?" कोर्टाच्या पायरीवर अँब्रोज म्हणाला.

"मग जा राजधानीला आणि करून आणा! इथं माझ्यापुढे मान काय हलवताय?" हिल्डा म्हणाली.

लोक हसले. अँब्रोजला मात्र ते लागलं. त्याच वर्षी तो निवडणुकीला उभा राहिला, चर्चच्या जेवणावळींतून बोलत सुटला आणि आमदार होऊन राजधानीत, सेंट पॉलला गेला.

फाटकाचं विधेयक सभागृहात यायला अधिवेशनाचा शेवटचा दिवस उजाडला. अँब्रोजनं हिवाळाभर भाषण घोटलं होतं. बायको कॉर्डेलियाला तर ते त्याच्याआधी पाठ झालं होतं. ती आणि हिल्डा सकाळीच प्रेक्षकांच्या सज्जात येऊन बसल्या होत्या.

तेवढ्यात पक्षाचे पुढारी ब्लेकली यांनी त्याला व्हरांड्यात गाठलं.

"टटल, आज मनसोक्त बोला. कुणी अडवणार नाही."

"विरोधात बोलू म्हणता?"

"छे, छे! बाजूनंच बोला. फक्त थांबू नका. दुपारी अधिवेशन संपलं की विधेयकही आपोआप गेलं. तुमची हौस भागली, रेल्वेची मर्जी राहिली. पुढच्या खेपेला सिनेटचं तिकीट तुमचंच."

अँब्रोज जागेवर येऊन बसला. भाषण घशाशी आलेलं. त्यात घोडीचं वर्णनच असं होतं की दगडालाही पाझर फुटावा. टटल बोलणार म्हटल्यावर विधेयकाच्या विरोधातले निम्मे सदस्य निर्धास्तपणे कॉफी प्यायला निघून गेले होते. त्यानं सज्जाकडे पाहिलं. हिल्डा वाकडा हात मांडीवर घेऊन बसली होती.

सभापतींनी नाव पुकारलं. अँब्रोज उठला.

"सभापती महोदय, फाटक हवं. मतदान घ्या."

आणि तो खाली बसला.

क्षणभर कुणाला कळेना. मग ब्लेकली दाराकडे धावले. "अरे, परत या! तो थांबला!" पण कॉफीवाले ओठ पुसत येईपर्यंत मतांसाठी नावं पुकारून झाली होती. विधेयक मंजूर झालं.

"बरा आहेस ना रे?" बाहेर येताच कॉर्डेलियानं त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"घोडीबद्दल बोलायचं राहिलं," तो कसनुसा होऊन म्हणाला. घरी परतताना गाडीत त्यानं ते सगळं भाषण दोघींना ऐकवलं. हिल्डा रडली. कॉर्डेलिया झोपली.

पक्षानं अर्थातच तिकीट कापलं. अपक्ष उभा राहिला, तर सपाटून आपटला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी हिल्डा चीजचा गोळा घेऊन घरी आली.

"माझं मत तुम्हालाच पडलं असतं, वकीलसाहेब. पण ते आम्हा बायकांना आहेच कुठं?"

अँब्रोजनं चीज कापायला घेतलेली सुरी खाली ठेवली. हा प्रश्न त्याला कधी सुचलाच नव्हता. वसंत ऋतू लागला तसा तो पुन्हा गावोगाव फिरू लागला, बायकांच्या मताच्या बाजूनं बोलत. पुढे तो आमदार कधीच झाला नाही.

बायकांना मत मिळाल्यावर पहिल्या निवडणुकीला त्यानंच दोघींना मतदानासाठी शाळेपाशी नेलं आणि बाहेर वाट बघत थांबला.

"मग, कुणाला दिलंत?" त्या येताच त्यानं विचारलं.

"असं विचारायचं नसतं," कॉर्डेलिया म्हणाली, आणि दोघी हसत पुढे निघाल्या.